एनटी स्कॅन, बाळाचं नाक आणि थ्रीडी: नक्की काय मोजतात? (धागा)

रानजाई
मंडळी, जरा मदत हवीये. नाशिकला असते, पहिलटकरीण आहे, बारा आठवडे झालेत. परवा एनटी स्कॅन झाला. रिपोर्टमध्ये सीआरएल (म्हणजे बाळाची डोक्यापासून ढुंगणापर्यंतची लांबी) ५८ मिमी, एनटी (मानेमागच्या कातडीखालच्या पाण्याची जाडी) १.५ मिमी, इथपर्यंत ठीक, आणि त्याच्या खाली एक ओळ आहे की 'नेझल बोन नॉट क्लिअरली सीन'. आमच्या गायनॅक मॅडम म्हणाल्या घाबरू नकोस, बाळ पालथं होतं, पण एकदा फीटल मेडिसिनवाल्यांकडे (पोटातल्या बाळाच्या तज्ज्ञांकडे) जाऊन ये, ते थ्रीडी व्हॉल्यूम घेऊन नाकाचं हाड आणि चेहऱ्याचा अँगल मोजतील. डबल मार्करचं रक्त दिलंय, रिपोर्ट यायचाय.

आता घरात काय चाललंय सांगते. नणंद म्हणते थ्रीडी म्हणजे बाळाचा फोटो मिळणार, मज्जा आहे. सासूबाई म्हणतात आमच्यात सगळ्यांची नाकं नकटीच, त्यात काय बघायचंय. नवरा रात्री दोनपर्यंत गूगल करतो आणि सकाळी माझ्याकडे अशा नजरेने बघतो की मलाच त्याला धीर द्यावा लागतो.

बारा आठवड्यांच्या बाळाचा चेहरा मोजतात म्हणजे काय करतात? कशासाठी? नाक नकटं असणं आणि हाड न दिसणं एकच का? आणि थ्रीडीने बाळाला काही होत नाही ना?

चिऊताई
अगं माझंही असंच झालं होतं, पुन्हा बोलावलं तेव्हा नीट दिसलं. गूगल बंद कर आधी. नवऱ्याचंही.

शनवारी
आमच्या वेळी सोनोग्राफी म्हणजे एकदा, तीही सातव्या महिन्यात, आणि बाळं काय नाकाशिवाय जन्मली का? हल्ली एक स्कॅन झाला की दुसरा, दुसऱ्यात शंका काढली की तिसरा. मीटर चालू.

करडा पडदा
शनवारी, तुमच्या मीटरवर नंतर येतो. मी रेडिओलॉजिस्ट आहे, रोजचं काम हेच, त्यामुळे जरा लांबण लागेल. रानजाई, तुमचा रिपोर्ट मी पाहिलेला नाही आणि नेटवर निदान करत नाही. पद्धत काय असते तेवढं सांगतो.

पहिली गोष्ट, तुमच्या नणंदबाईंना सांगा की मोजमाप त्या सोनेरी गुळगुळीत फोटोवर होत नाही. त्या फोटोला आम्ही सरफेस रेंडर म्हणतो, तो दिसायला छान आणि मोजायला जवळपास निरुपयोगी. मोजमाप होतं साध्या काळ्या-करड्या चित्रावर, चेहऱ्याच्या बरोबर मधोमध घेतलेल्या उभ्या छेदावर. थ्रीडीचा खरा उपयोग तो मधला छेद अचूक सापडण्यासाठी.

आता मधोमध एवढं महत्त्वाचं का? पपई घ्या (पपईचं नाव काढलं म्हणून सासूबाई रागावतील, पण उदाहरणापुरती घेऊ). बरोबर मधून उभी चिरली तर आतली पोकळी पूर्ण दिसते, सुरी थोडी तिरकी गेली की एका टोकाला गर आणि एका टोकाला पोकळी, आणि कापणाऱ्याला वाटतं ही पपई अशीच आहे. बारा आठवड्यांचं बाळ डोक्यापासून ढुंगणापर्यंत साडेपाच-सहा सेंटीमीटर, डोक्याची रुंदी दोन सेंटीमीटरच्या आसपास, आणि नाकाचं हाड जेमतेम दोनेक मिलिमीटर. तिथे प्रोब थोडा तिरका गेला की सगळं बदललं. जर्मनीतल्या एबरहार्ड मेर्त्स यांच्या गटाने १९९७ साली दाखवलं होतं की साध्या टूडीवर 'हा बघा प्रोफाइल' म्हणून घेतलेल्या चित्रांपैकी जवळपास ३० टक्के चित्रं खऱ्या मध्यरेषेवर नव्हतीच, काही तर २० अंशांपर्यंत सरकलेली.

आपण मध्यरेषेवर आहोत हे ओळखायच्या खुणा ठरलेल्या आहेत. नाकाचा शेंडा चमकायला हवा, टाळूचं हाड आयतासारखं दिसायला हवं, मेंदूच्या मधला डायएनसेफेलॉन नावाचा भाग काळसर दिसायला हवा. आणि गालाचं हाड अजिबात दिसता कामा नये. ते दिसलं की समजायचं आपण बाजूला घसरलो.

नाकाच्या हाडासाठी तीन रेघा शोधतो. वर नाकाच्या कातडीची बारीक रेघ, तिच्याखाली समांतर, जास्त जाड आणि जास्त पांढरी रेघ म्हणजे हाड, या दोन मिळून गणितातल्या बरोबरच्या (=) चिन्हासारख्या दिसतात. तिसरी रेघ थोडी पुढे, नाकाच्या शेंड्याची. खालची रेघ वरच्या कातडीपेक्षा फिकी असेल किंवा नसेलच, तर 'ॲबसेंट' लिहायचं. नीट बघताच आलं नाही तर तसं लिहायचं. तुमच्या रिपोर्टमध्ये 'नॉट क्लिअरली सीन' आहे, 'ॲबसेंट' नाही. या दोन्हींत जमीन-अस्मानाचा फरक आहे. आणि ज्यांनी प्रामाणिकपणे तसं लिहिलं त्यांना माझा सलाम, 'प्रेझेंट' असं ठोकून देणारे कमी नाहीत.

रानजाई
डॉक्टर खूप खूप आभार. हा फरक मला कुणीच सांगितला नव्हता. पण नाकाचं हाड बघतात ते का? डाउन सिंड्रोमसाठी असं नवरा म्हणतोय. आणि सासूबाईंच्या नकट्या नाकाचं काय करू?

करडा पडदा
सासूबाईंचं नाक वेगळं आणि हे वेगळं. बाहेरून नाक नकटं की धारदार हे घराण्यातून येतं, ते बरंचसं पुढच्या कूर्चेवर आणि एकूण ठेवणीवर असतं. इथे बघतात ते नाकाच्या मुळाशी हाड तयार व्हायला लागलं आहे की नाही.

मूळ कथा जुनी आहे. जॉन लँगडन डाउन यांनी १८६६ मध्ये ज्या मुलांचं वर्णन केलं त्यांचा चेहरा सपाट आणि नाक लहान असं तेव्हाच लिहून ठेवलं होतं. तेच लक्षण पोटात, तेही अकराव्या-बाराव्या आठवड्यात दिसतं का, हे लंडनच्या किंग्ज कॉलेज हॉस्पिटलमध्ये कायप्रोस निकोलायडीस यांच्या गटाने तपासलं. २००१ साली लॅन्सेटमध्ये निबंध आला. डाउन सिंड्रोम असलेल्या ५९ बाळांपैकी ४३ मध्ये हाड दिसलं नाही आणि गुणसूत्रं नॉर्मल असलेल्या ६०३ पैकी फक्त ३ मध्ये. तेव्हा सगळे हरखले. नंतर मोठे अभ्यास झाल्यावर आकडे जमिनीवर आले, डाउनच्या साधारण ६० टक्के बाळांत हाड दिसत नाही आणि नॉर्मल बाळांपैकीही दोन-अडीच टक्क्यांत दिसत नाही. वंशाप्रमाणेही फरक पडतो, आफ्रिकी वंशाच्या नॉर्मल बाळांत हाड न दिसण्याचं प्रमाण जास्त. आणि अकराव्या आठवड्यात न दिसलेलं हाड पुढच्या आठवड्यात दिसणं हे नेहमीचं आहे, म्हणून बाकी सगळं ठीक असेल तर आठवड्याने पुन्हा बघतात.

आता अँगल. त्याचं नाव फ्रंटोमॅक्सिलरी फेशिअल अँगल, आम्ही एफएमएफ म्हणतो. टाळूच्या हाडाच्या वरच्या कडेने एक रेघ, आणि त्याच हाडाच्या पुढच्या वरच्या कोपऱ्यातून कपाळाच्या हाडापर्यंत दुसरी. या दोन रेघांमधला कोन. डाउनमध्ये वरचा जबडा आखूड आणि मागे असतो, त्यामुळे कोन मोठा येतो. नॉर्मल बाळांत सीआरएल ४५ मिमीला सरासरी ८३-८४ अंश आणि ८४ मिमीला ७६-७७ अंश, म्हणजे बाळ वाढतं तसा कोन कमी होत जातो. म्हणून 'माझा अँगल अमुक आला, चांगला का' असं सीआरएलशिवाय विचारू नका, उत्तर देता येत नाही. हा कोन मोजायला थ्रीडी व्हॉल्यूमची चांगली मदत होते, कारण मध्यरेषा चुकली तर या मापाला काडीचा अर्थ राहत नाही.

सर्किटवाला
मी या मशिनांच्या सर्व्हिसिंगमध्ये बरीच वर्षं होतो म्हणून थोडं माझ्याकडून. थ्रीडी प्रोब उघडून बघितलाय कुणी? वरून फुगीर टोपी असते, आत तेल, आणि त्या तेलात नेहमीचीच सोनोग्राफीची पट्टी एका छोट्या मोटरवर बसवलेली. बटण दाबलं की ती पट्टी पंख्यासारखी एका बाजूकडून दुसरीकडे जाते आणि जाता जाता एकामागोमाग एक छेद टिपते. मशीन ते सगळे छेद रचून ठोकळा बनवतं, त्याला व्हॉल्यूम म्हणायचं. मग त्या ठोकळ्यातून हवा तसा छेद पुन्हा काढता येतो. स्क्रीनवर तीन चौकोन दिसतात, एकात उभा, एकात आडवा, एकात समोरून. तिन्ही एकमेकांना बांधलेले, एकात फिरवलं की बाकीचे दोन फिरतात. डॉक्टर ट्रॅकबॉल फिरवत बसतात ते तेच.

पहिल्यांदा हे पोटातल्या बाळावर करून दाखवलं टोकियोच्या काझुनोरी बाबा यांनी, १९८६ च्या आसपास, तेही मिनीकॉम्प्युटर जोडून. बाजारात यायला १९८९ उजाडलं, ऑस्ट्रियाच्या क्रेट्झटेक्निकचं कॉम्बिसन ३३०. आज ज्या व्होल्युसन मशीनचं नाव सगळीकडे ऐकू येतं त्याचं घराणं तेच, पुढे ती कंपनी जीईकडे गेली.

एक गोम सांगतो. पट्टी फिरत असताना बाळाने लाथ मारली की ठोकळा तिथे वाकतो, चेहऱ्यावर पायऱ्या दिसतात. ते व्यंग नसतं, बाळ हललं एवढंच. आणि जो छेद थेट टिपलाय तो सगळ्यात स्पष्ट, जो ठोकळ्यातून पुन्हा बनवलाय तो थोडा धूसर.

शनवारी
म्हणजे बाळ कसंही झोपलेलं असू दे, ठोकळा घ्या आणि फिरवून हवं ते बघा. मग रानजाईंना पुन्हा कशाला बोलावलं, पहिल्याच वेळी घ्यायचा होता ठोकळा!

करडा पडदा
इथेच गडबड होते, तुमचीच नाही, आमच्यातल्याही कित्येकांची. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? नाकाचं हाड दिसायला आवाजाच्या लहरी त्याच्यावर योग्य कोनातून पडायला लागतात, बाळ उताणं हवं, चेहरा प्रोबकडे हवा. बाळ पालथं असताना घेतलेल्या व्हॉल्यूममध्ये हाडाची माहितीच नसते, मग तो कितीही फिरवा. यावरही अभ्यास झालाय, टूडीवर चेहरा चांगल्या स्थितीत असताना व्हॉल्यूम घेतला तर जवळपास सगळ्यांचं हाड दिसतं, स्थिती वाईट असताना घेतला तर थ्रीडीचा फायदा मिळत नाही. उलट धोका असा की हाड 'नाही' असं वाटतं. तेव्हा थ्रीडी म्हणजे टूडी न येणाऱ्याची कुबडी नव्हे. ज्याला टूडी येतं त्याच्या हातात ते हत्यार आहे.

थेम्सकाठी
मी इंग्लंडमध्ये रीडिंग गावी असते, इकडची गंमत सांगते. इथे एनएचएसमध्ये (सरकारी आरोग्यसेवेत) ११ आठवडे २ दिवस ते १४ आठवडे १ दिवस या काळात कंबाइन्ड टेस्ट करतात, एनटी आणि रक्त, बस. नाकाचं हाड नाही, अँगल नाही, थ्रीडी नाही. निकोलायडीस जिथे काम करतात त्याच देशात! मी सोनोग्राफरला विचारलं तर ती म्हणाली आमच्याकडे देशभर एकसारखं करता येईल तेवढंच ठेवलंय. डाउनचा चान्स १५० मध्ये १ किंवा त्याहून जास्त आला तर मग एनआयपीटी (आईच्या रक्तातून बाळाच्या गुणसूत्रांची चाचणी) किंवा सरळ सीव्हीएस, ॲम्निओ (सुईने वारेचा तुकडा किंवा गर्भजल काढून तपासणं) यातलं काय हवं ते विचारतात. ओठ फाटलाय का ते २० आठवड्यांच्या स्कॅनला बघतात. आईला हे सांगितलं तर ती म्हणाली, एवढा पुढारलेला देश आणि नाक बघत नाहीत?

करडा पडदा
त्यांचं चुकीचं नाही. वय, एनटी आणि रक्तातली दोन द्रव्यं (तोच डबल मार्कर) मिळून डाउनच्या १०० पैकी साधारण ९० केसेस हेरल्या जातात आणि ५ टक्के बायकांना विनाकारण पुढच्या तपासणीला जावं लागतं. नाकाचं हाड वगैरे जोडलं की हेरण्याचं प्रमाण थोडं वर जातं आणि विनाकारण धावाधाव निम्म्यावर येते, पण करणारा शिकलेला हवा. अर्धवट शिकलेल्याने नाक बघण्यापेक्षा न बघितलेलं बरं, असं माझं स्पष्ट मत आहे. आणि आता एनआयपीटी आल्यावर डाउनपुरतं तरी चेहऱ्याच्या मापांचं महत्त्व उतरलंय हेही कबूल. आईच्या रक्तातून ९९ टक्क्यांच्या वर पकड मिळते. अर्थात तीही चाळणीच आहे, पक्कं निदान सीव्हीएस किंवा ॲम्निओनेच. पण आपल्याकडे एनआयपीटीचा खर्च सगळ्यांना झेपत नाही, आणि ओठ, टाळू, जबडा हे एनआयपीटी सांगत नाही. तिथे चेहराच बघायला लागतो.

कृष्णाकाठ
ओठाचा विषय निघाला म्हणून लिहिते. कराडजवळ राहतो आम्ही. माझ्या मुलाचा ओठ आणि टाळू दोन्ही दुभंगलेले होते, आता शाळेत जातो आणि घरात सगळ्यात जास्त बडबड तोच करतो. आमचं कळलं पाचव्या महिन्यात, ॲनोमली स्कॅनमध्ये (बाळात काही व्यंग आहे का बघतात तो). त्या सेंटरमध्ये ज्या पद्धतीने सांगितलं ते अजून विसरले नाही, दार उघडं, बाहेर चार बायका बसलेल्या, आणि डॉक्टर मोठ्याने म्हणाले तोंडात डिफेक्ट आहे, ठरवा काय ते. ठरवा म्हणजे काय ठरवा? कुणी बसून सांगितलं नाही की हे ऑपरेशनने नीट होतं.

मग सासरी सुरू झालं, ग्रहणात भाजी चिरली असशील, सुरी धरली असशील. मी त्या दिवशी बँकेत होते हो, कॅश काउंटरवर. कुणाला पटेना. आजही आमच्या गावात एखाद्या बाळाचा ओठ फाटलेला असला की आईला पहिला प्रश्न ग्रहणाचा.

म्हणून विचारते डॉक्टर, हे बाराव्या आठवड्यात कळतं का? कळलं तर चांगलं की वाईट, मला अजून नाही ठरवता येत.

माईआजी डोंबिवली
पोरी, माझ्या सासूनेही ग्रहणात मला सतरंजीवर सरळ निजवून ठेवलं होतं, कूस सुद्धा बदलायची नाही. चार मुलं झाली, चौघांचीही वेगळी तऱ्हा. तू मनाला लावून घेऊ नकोस.

करडा पडदा
कृष्णाकाठ ताई, तुम्हाला ज्या तऱ्हेने सांगितलं गेलं त्याबद्दल वाईट वाटलं. ग्रहणाचा आणि ओठाचा सुतराम संबंध नाही. वरचा ओठ सहाव्या-सातव्या आठवड्याच्या सुमारास सांधला जातो, टाळू बाराव्या आठवड्याच्या आसपास पूर्ण होतो. तोपर्यंत कित्येकींना ग्रहण सोडा, आपल्याला दिवस गेलेत हेच नुकतं कळलेलं असतं. जगभर साधारण ७०० जन्मांमागे एका बाळात ओठ किंवा टाळू दुभंगलेला असतो. काही कुटुंबातून येतं, काही औषधांमुळे धोका वाढतो, म्हणजे फिट्सच्या औषधांपैकी व्हॅल्प्रोएट, टोपिरामेट. (फिट्स असणाऱ्या कुणी हे वाचून गोळी मनाने बंद करू नका, ते जास्त धोक्याचं. दिवस राहायच्या आधीच डॉक्टरांशी बोला.) सिगारेटनेही वाढतो. बऱ्याच वेळा कारण सापडतच नाही.

बाराव्या आठवड्यात कळतं का, तर पुष्कळदा संशय येऊ शकतो. दोन जागा बघायच्या. एक, त्याच मधल्या छेदात वरच्या जबड्याची रेघ अखंड आहे का. मध्ये फट दिसली तर लक्ष द्यायचं, बारीक फट नॉर्मल बाळांतही कधी कधी दिसते पण दीड मिलिमीटरपेक्षा मोठी असेल तर संशय पक्का धरायचा. रबीह शौई आणि निकोलायडीस यांनी २०१५ मध्ये हे मांडलं. दुसरी, चेहऱ्याचा समोरून छेद घेतला की नाकामागे एक त्रिकोण दिसतो, दोन बाजू वरच्या जबड्याच्या आणि खालची बाजू टाळूच्या पुढच्या भागाची. त्याला रेट्रोनेझल ट्रँगल म्हणतात, चिलीच्या वाल्डो सेपुल्वेदा यांनी २०१० मध्ये दाखवलेला. खालची बाजू तुटलेली दिसली तर टाळू बघा. याच छेदात खालच्या जबड्याच्या दोन भागांमध्ये एक छोटी फट दिसते, ती नॉर्मल. ती दिसलीच नाही तर जबडा फार मागे आहे का ते बघायचं. एक व्हॉल्यूम नीट घेतला असेल तर दोन्ही छेद त्यातूनच निघतात, बाई घरी गेल्यावरही बघता येतं. फक्त मागचा मऊ टाळू दुभंगलेला असेल तर तो या वयात निसटतो, पुष्कळदा विसाव्या आठवड्यातही निसटतो. तेव्हा 'थ्रीडी केलं, सगळं क्लिअर' असं कुणी लिहून दिलं तर मी तरी विश्वास ठेवणार नाही.

चांगलं की वाईट? मला विचाराल तर ओठाचा संशय आला की बाकीचं बाळ नीट बघायला वेळ मिळतो, हृदय, मेंदू, गुणसूत्रं. ओठ-टाळूबरोबर दुसरं काही आहे का हा खरा प्रश्न असतो. एकटा ओठ असेल तर प्लास्टिक सर्जनशी आधीच गाठ घालून देता येते.

कृष्णाकाठ
ते गाठ घालून देणंच हवं होतं आम्हाला. बाळ झाल्यावर पहिले दोन दिवस दूध कसं पाजायचं हेच कुणाला येत नव्हतं, अंगावर ओढता येईना, नाकातून परत यायचं. शेवटी आईने जुनं चांदीचं बोंडलं आणलं, बाळाला जवळजवळ बसतं धरून थोडं थोडं गालाच्या कडेने सोडायचं. सर्जननी दहाचा नियम सांगितला, दहा आठवडे, दहा पौंड म्हणजे साडेचार किलो, हिमोग्लोबिन दहा, मग ओठाचं ऑपरेशन. टाळूचं वर्षाच्या आतबाहेर. खर्च आम्हाला जवळजवळ आला नाही, राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात ओठ-टाळू येतो, अंगणवाडीच्या तपासणीत नाव घेतलं होतं. कुणाला गरज असेल तर जिल्हा रुग्णालयात त्याचं केंद्र असतं तिथे विचारा.

सर्किटवाला
हा कार्यक्रम सुरूच आपल्या पालघरमधून झाला होता, फेब्रुवारी २०१३ मध्ये. आपल्याच लोकांना माहीत नाही.

चिऊताई
मूळ प्रश्नातला फोटोचा भाग राहिला बघा. माझ्या जावेने तिसऱ्या महिन्यातच थ्रीडी फोटो मागितला होता, मिळाला तो बघून घाबरली बिचारी. डोकं एवढं मोठं, डोळ्यांच्या जागी खोबण्या, ईटी वाटला.

करडा पडदा
वाटणारच, कातडीखाली चरबी नसते अजून. बाळसं धरलेला गोंडस चेहरा हवा असेल तर २६ ते ३० आठवडे, तोही बाळाच्या तोंडावर हात किंवा नाळ नसेल तर. पण नुसत्या फोटोसाठी मी सोनोग्राफी करत नाही. गर्भलिंग निदानाविरुद्धचा पीसीपीएनडीटी कायदा १९९४ चा, आपल्या महाराष्ट्राने तर देशाच्या आधी, १९८८ मध्येच कायदा केला होता. प्रत्येक स्कॅनला फॉर्म एफ भरायचा, त्यात कारण लिहायचं, कारणांची यादी ठरलेली आहे आणि 'हौस' त्यात नाही. तपासणीच्या ओघात चेहरा छान दिसला तर मी एक प्रिंट देतो, तेवढंच. साठवलेला सगळा व्हॉल्यूम पेनड्राइव्हवर मागितला तर देत नाही, त्यात बाळ अख्खं असतं आणि कोण कुठे नेऊन फिरवून काय बघेल याची मला हमी नाही. २०११ च्या जनगणनेत शून्य ते सहा वयात हजार मुलांमागे राज्यात ८९४ मुली होत्या, बीडमध्ये ८०७. हे आकडे असलेल्या राज्यात आम्ही जरा कडक वागलो तर राग मानू नका.

शनवारी
हे मात्र पटलं.

रानजाई
आणि बाळाला त्रास होतो का ते?

करडा पडदा
थ्रीडीत वेगळे किरण नसतात, लहरी त्याच, फक्त पट्टी फिरते. एक व्हॉल्यूम काही सेकंदांत होतो आणि पुढचं फिरवणं-मोजणं पोटावर प्रोब न ठेवता चालतं, म्हणजे खरं तर वेळ वाचतो. पहिल्या तीन महिन्यांत जपायचं ते डॉपलरला (रक्तप्रवाह बघायच्या तपासणीला), तो गरजेपुरता आणि कमी पॉवरवर. अमेरिकेची औषधं-उपकरणांवर देखरेख करणारी एफडीएही नुसत्या आठवणीसाठी स्कॅन करू नका असंच सांगते. यंत्र अपायकारक म्हणून नाही, विनाकारण शक्ती सोडू नये म्हणून.

रानजाई
अपडेट देते. परवा जाऊन आले. पहिल्यांदा बाळ पुन्हा पालथंच! मॅडम म्हणाल्या जा, जिना चढून ये, थोडं गोड खा. मी दोन वेळा जिना चढले, एक पेढा खाल्ला (नवऱ्याने तीन खाल्ले). परत आडवी झाले, खोकायला लावलं, आणि बाळाने मस्त कूस बदलली. मग मॅडम म्हणाल्या श्वास धरा, हलू नका, आणि प्रोब आतल्या आत घरघरला, सर्किटवाला म्हणाले तशी मोटर असणार. मग खरंच तीन चौकोन आले. मॅडमनी आडव्या चौकोनात डोकं सरळ केलं, मग समोरच्यात, की उभ्या चौकोनात चेहरा आपोआप आला. मला म्हणाल्या हे बघ बरोबरचं चिन्ह, वरची रेघ कातडी, खालची हाड. खालची चांगली जाड आणि पांढरी दिसत होती, मला सुद्धा कळली! अँगल ८०, सीआरएल आता ६४. वरच्या जबड्याची रेघ सलग, नाकामागचा त्रिकोणही दाखवला. डबल मार्करही लो रिस्क आला. मॅडम म्हणाल्या तरी १९-२० आठवड्यांची ॲनोमली चुकवायची नाही.

सासूबाईंचं म्हणणं, आमचंच नाक आहे, उगाच शंका काढली.

माईआजी डोंबिवली
छान झालं गं बाई. दृष्ट काढून घे.

करडा पडदा
उत्तम. सीआरएल ६४ ला ८० अंश म्हणजे सरासरीच्या जवळ. ॲनोमलीला नाकाच्या हाडाची लांबी आणि नाकापुढच्या कातडीची जाडी बघतील, तेव्हाची मापं वेगळी असतात, आजच्याशी ताडून बघू नका. जबड्यासाठीही तेव्हा वेगळा कोन आहे, तो ५० अंशांच्या खाली गेला तर जबडा मागे समजतात.

नवी पालवी
धागा वाचून काढला पूर्ण. मला जुळं आहे, अकरावा आठवडा लागलाय, सोलापूर. जुळ्यांत पण हे सगळं मोजता येतं का? आणि एकाचं नाक दिसलं, दुसऱ्याचं नाही तर?

करडा पडदा
येतं, प्रत्येक बाळाचा व्हॉल्यूम वेगळा घ्यायचा आणि कुठलं बाळ डावीकडचं कुठलं उजवीकडचं हे रिपोर्टवर लिहून घ्यायचं. जुळ्यांत रक्ताची तपासणी दोघांची मिळून एकच येते, त्यामुळे एनटी आणि नाक ही प्रत्येकाची स्वतंत्र मापं जास्त कामाची ठरतात. पण तुमच्या बाबतीत नाकाच्या आधी दुसरी गोष्ट, दोघांची वार एक की दोन हे याच स्कॅनमध्ये ठरवून घ्या, नंतर ते ओळखणं अवघड जातं. सीआरएल ४५ ते ८४ मिमी असेपर्यंतच एनटीचा हिशोब चालतो, त्यामुळे बारावा आठवडा पूर्ण झाला की लगेच वेळ घ्या आणि थोडी जास्त वेळाची अपॉइंटमेंट मागा, दोघं एकाच वेळी उताणी मिळणं कठीण.

नवी पालवी
घेते. पेढे पण घेऊन जाते मग.